हृदयाचे ऑपरेशन झाले, मूल खेळू लागले. मग पुन्हा तपासणी कशासाठी?

मुलाच्या हृदयाचे ऑपरेशन होऊन वर्ष-दीड वर्ष उलटले की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, आता सगळं व्यवस्थित आहे ना? मग परत यायलाच हवं का?"

विचारणाऱ्या आईवडिलांचे काही चुकत नाही. दूध पिताना घामाघूम होणारे बाळ आता घरभर पळत असते. गाल भरलेले असतात. प्रत्येक खेपेला कामावरची रजा, एसटीचे भाडे, शहरातला मुक्काम हे सगळे आलेच, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "चांगला खेळतोय की, कशाला उगाच त्याला दवाखाने दाखवताय?" त्यामुळे पहिल्या वर्षी तारीख न चुकवणारी कुटुंबे तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसेनाशी होतात. मूल दहावीला पोहोचेपर्यंत फाईल कपाटात कुठे ठेवली हेही आठवत नाही.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यातल्या काहींना ऑपरेशन लागते, काहींचे काम डिव्हाइसवर भागते, काहींना कधीच काही करावे लागत नाही. पण या सगळ्यांच्या हृदयावर वाढत्या वयात लक्ष ठेवावे लागते. ते का, कोणत्या वयात काय बघायचे आणि घरच्या घरी काय करता येते, हे या लेखात पाहू.

हृदय वाढते, बसवलेली नळी वाढत नाही

मोठ्या माणसाच्या हृदयाची दुरुस्ती आणि बाळाच्या हृदयाची दुरुस्ती यात एक मूलभूत फरक आहे. मोठ्यांचे हृदय आता वाढायचे नसते. बाळाचे हृदय मात्र त्याच्या इवल्याशा मुठीएवढे असते आणि पुढच्या पंधरा वर्षांत ते मोठ्या माणसाच्या मुठीएवढे व्हायचे असते. शरीराचा स्वतःचा भाग वाढतो. टाके घातलेली जागा कधी कधी त्या वेगाने वाढत नाही आणि कृत्रिम झडप किंवा बसवलेली नळी तर अजिबातच वाढत नाही. दोन वर्षांच्या मुलाला पुरणारी नळी दहाव्या वर्षी तोकडी पडते. बूट लहान होतो तसेच हे. फक्त बूट चावतो म्हणून कळते, नळी चावत नाही.

मुलांचे हृदय सोसण्यात पटाईत असते. एखादी झडप गळत असली तर कप्पा हळूहळू मोठा होतो, जास्तीचे रक्त सामावून घेतो आणि मूल वर्षानुवर्षे कसलीच तक्रार करत नाही. दम लागू लागतो तेव्हा तो कप्पा बराच ताणलेला असतो आणि दुरुस्तीची चांगली वेळ कधी कधी निघून गेलेली असते. म्हणून 'त्रास नाही, म्हणजे सगळे ठीक' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट व्रणाची. हृदयावर जिथे कापले-शिवले जाते तिथे व्रण राहतो. हृदयाचे ठोके ज्या विद्युतसंदेशांवर चालतात, त्यांच्या वाटेत हा व्रण आला तर दहा-वीस वर्षांनीसुद्धा ठोके बिघडू शकतात. ऑपरेशन उत्तम झाले असले तरीही.

सगळ्यांना सारख्याच तपासण्या लागत नाहीत

हे स्पष्ट सांगायला हवे, कारण भीतीपोटी दर तीन महिन्यांनी इको करून घेणारी कुटुंबेही असतात. कोणत्या मुलाने किती वेळा यायचे हे त्याच्या दोषावर अवलंबून असते.

वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र, म्हणजे एएसडी, बहुतेकदा शांत असते. मूल खेळते, शिकते आणि कधी कधी तिशी-चाळिशीत धाप लागल्यावर ते पहिल्यांदा लक्षात येते. ते वेळेत, म्हणजे साधारण शाळेत जाण्याच्या वयापर्यंत, टाक्यांनी किंवा डिव्हाइसने बंद झाले तर पुढचे आयुष्य बहुधा सुरळीत जाते. या डिव्हाइसला बरेच पालक 'छत्री' म्हणतात. बसवल्यानंतरचे सहा महिने काळजीचे. त्यानंतर ती हृदयाच्या अस्तरात झाकली जाते. पुढे काही वर्षांच्या अंतराने एकेक तपासणी पुरते. जन्मानंतर उघडी राहिलेली पीडीए नावाची नळी पूर्ण बंद झाली असेल, फुप्फुसातला दाब नॉर्मल असेल, तर त्याहूनही कमी.

खालच्या कप्प्यांमधले छिद्र, म्हणजे व्हीएसडी, जरा फसवे. स्नायूच्या भागातली लहान छिद्रे पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप बंद होतात. पण महाधमनीच्या झडपेला लागून असलेले छिद्र लहान असले तरी रक्ताच्या झोताने झडपेची एक पाकळी छिद्राकडे ओढली जाऊ शकते आणि झडप गळू लागते. "छिद्र छोटं आहे, काही करायचं नाही" असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'आज काही करायचे नाही' एवढाच असतो. वर्षातून एकदा यायला सांगितले असेल तर त्यामागे हे कारण असते.

मोठ्या व्हीएसडीचे तर घड्याळच वेगळे. फुप्फुसात वर्षानुवर्षे जास्त दाबाने रक्त गेले की तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. एका मर्यादेपुढे हे बदल परत फिरत नाहीत. मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. अशा बाळाला आधी खूप धाप लागते, वजन वाढत नाही, सारखी सर्दी-खोकला-न्यूमोनिया होतो, आणि मग एक दिवस ते 'सुधारू' लागते. धाप कमी होते, घरच्यांना हायसे वाटते. हे सुधारणे कधी कधी फुप्फुसातला दाब वाढल्याचे लक्षण असते. मोठे छिद्र असलेले बाळ काहीही उपचार न करता बरे वाटू लागले, तर निश्चिंत न होता लगेच दाखवावे.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो या आजारातली मुले जन्मतः निळसर असू शकतात. दुरुस्तीनंतर ती गुलाबी होतात, पालकांना तर चमत्कारच वाटतो. पण फुप्फुसाकडे जाणारा अरुंद रस्ता रुंद करताना तिथली झडप बऱ्याचदा गळकी राहते. लहानपणी हे सहज सोसते. किशोरवयापर्यंत उजवा खालचा कप्पा ताणला जाऊ लागतो. म्हणून या मुलांना दरवर्षी इको-ईसीजी आणि शाळेच्या वरच्या इयत्तांमध्ये एमआरआय करायला सांगतात. इकोमध्ये उजवा कप्पा नीट मोजता येत नाही, एमआरआयमध्ये येतो. त्या मापांवरून नवी झडप कधी बसवायची ते ठरते. फार लवकर बसवली तर ती लवकर झिजते आणि पुन्हा बदलावी लागते. फार उशीर झाला तर कप्पा पूर्ववत होत नाही. ही मधली वेळ साधण्यासाठीच तर दरवर्षीची खेप असते.

महाधमनी आकुंचित असलेल्या, म्हणजे कोआर्क्टेशन असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र महागड्या यंत्राआधी रक्तदाबाचा पट्टा कामाला येतो. उजव्या हाताचा आणि पायाचा रक्तदाब दोन्ही मोजायचे. निरोगी मुलात पायाचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्त भरतो. हाताचा दाब पायापेक्षा २० किंवा अधिक आकड्यांनी जास्त भरला तर दुरुस्त केलेली जागा पुन्हा अरुंद झाली असावी अशी शंका घ्यायची. रस्ता मोकळा राहिला तरी या मुलांचा रक्तदाब पुढे वाढू शकतो, त्यामुळे हा पट्टा जन्मभराचा सोबती समजा. तपासणीत पायाचा दाब मोजला नाही, तर "डॉक्टर, पायाचा पण बघता का?" असे खुशाल विचारा.

एकच खालचा कप्पा काम करत असलेली आणि टप्प्याटप्प्याने फॉन्टॅनपर्यंतची ऑपरेशने झालेली मुले, पेसमेकर असलेली मुले, कृत्रिम झडप असलेली मुले यांनी तर वर्षातून एकदा तरी बालहृदयरोगतज्ज्ञांकडेच जायला हवे. फॉन्टॅननंतर यकृतावरही लक्ष ठेवावे लागते.

पहिली दोन वर्षे : वजनकाटा

या वयात घरच्यांना करता येण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजनाची नोंद. निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढते, पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते आणि वर्षाचे होताना तिप्पट. हृदयावर ताण असलेले बाळ या वाटेवरून घसरते, कारण दूध पिण्याचे श्रमच त्याला झेपत नाहीत आणि जे पोटात जाते ते श्वास घेण्यात खर्च होते. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो. त्यावरचे ठिपके दर महिन्याला जोडत जा. रेघ वर चालली आहे, सपाट झाली आहे की खाली वळली आहे, हे डॉक्टरांना इकोइतकेच उपयोगी पडते.

वजनाखेरीज बाळ दूध कसे पिते ते पाहा. दोन घोट घेऊन थांबते का, कपाळावर घामाचे थेंब येतात का, एका वेळच्या दुधाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो का? झोपेत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर ते जलद आहेत. ताप नसताना असे पुन्हा पुन्हा भरले तर तारखेची वाट पाहू नका.

औषधांच्या बाबतीत एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. बाळाचा डोस वजनावर ठरतो. पाच किलोला लिहून दिलेले औषध आठ किलोला कमी पडते. प्रत्येक खेपेला आजचे वजन सांगून "डोस तोच ठेवायचा का?" एवढे विचारून घ्या.

लसीकरण हृदयाच्या आजारामुळे थांबवायचे नसते. ठरलेल्या लसी द्यायच्याच. न्यूमोकोकलची लस आणि सहा महिन्यांनंतर दरवर्षीची फ्लूची लस या मुलांना विशेष उपयोगी आहे.

निळसर मुलांचे हिमोग्लोबिन

ज्यांची पूर्ण दुरुस्ती अजून व्हायची आहे अशा निळसर मुलांच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १४ दिसले की घरचे खूश होतात. इथे थोडे थांबायला हवे. रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने शरीर मुद्दाम जास्त लाल पेशी बनवते. अशा मुलाचे हिमोग्लोबिन इतर मुलांपेक्षा जास्तच असायला हवे, त्यामुळे १४ हा आकडा त्याच्यासाठी कमी असू शकतो आणि मागे लोहाची कमतरता दडलेली असू शकते. नुसता आकडा न बघता पेशींचा आकार आणि लोहाची पातळी पाहून डॉक्टर लोहाचे औषध ठरवतात.

याच मुलांना जुलाब-उलट्यांत पाणी कमी पडू देऊ नका. आधीच दाट असलेले रक्त आणखी दाट झाले की गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळ अचानक जास्त निळे पडून कळवळून रडू लागले तर त्याचे गुडघे पोटाशी, छातीकडे दुमडून त्याला कुशीत घट्ट धरा आणि लगेच रुग्णालय गाठा. मोठी मुले खेळताना मध्येच उकिडवी बसतात, ती याच कारणाने. त्यांना त्यातून बरे वाटते. रागावून उठवू नये.

शाळेची वर्षे

बहुतेक मुलांनी खेळावे. हे वाक्य मी पालकांना दोनदा सांगतो, कारण ऑपरेशन झालेल्या मुलाला पीटीच्या तासाला झाडाखाली बसवून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. शाळेला 'हृदयविकार आहे' एवढीच चिठ्ठी दिली की शिक्षक घाबरतात आणि सगळेच बंद करतात. त्याऐवजी डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्या : धावणे चालेल का, स्पर्धेत उतरता येईल का, पोहणे, कबड्डी, ट्रेक यांतले काय नको. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या मुलाला आपटण्या-पडण्याचे खेळ नकोत, पण म्हणून सायकलही नको असे नाही.

मूल पळता पळता बेशुद्ध पडले, श्रम करताना छातीत दुखले, बसल्या जागी एकाएकी छातीत खूप जोरात धडधडले, किंवा गेल्या वर्षी सहज चढायचे ते जिने यंदा थांबत थांबत चढू लागले, तर मात्र तपासणी पुढे ढकलू नका. यातली पहिली गोष्ट घडली तर त्याच दिवशी दाखवा. ऊन लागले, नाश्ता केला नव्हता, अशी कारणे नंतर शोधता येतील.

दातांविषयी पालकांना सहसा कुणी सांगत नाही. किडलेल्या दातांतून, सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात आणि दोष असलेल्या झडपेवर किंवा बसवलेल्या नळीवर घर करतात. हा हृदयाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. दिवसातून दोनदा ब्रश आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य, एवढे पाळायचे. दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस सगळ्यांना लागत नाही. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला असा संसर्ग, दुरुस्त न झालेला निळसर दोष, ऑपरेशन किंवा डिव्हाइसनंतरचे पहिले सहा महिने अशा ठरावीक मुलांनाच तो देतात. तुमचे मूल त्यात बसते का हे विचारून फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

या संसर्गाशीच जोडलेली तापाची गोष्ट. हृदयदोष असलेल्या मुलाचा ताप तीन-चार दिवसांत उतरत नसेल आणि सर्दी, खोकला, लघवीची जळजळ असे कारणही सापडत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यायला हवे. औषध आधी पोटात गेले की जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि निदान आठवडेच्या आठवडे लांबते. घराजवळच्या डॉक्टरांना मुलाच्या हृदयाची माहिती नसेल तर ती तुम्हीच द्यायची आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणे या मुलांच्या बाबतीत तर पूर्ण टाळा.

अभ्यासाकडेही लक्ष असू द्या. बाळपणीच मोठी ऑपरेशने झालेल्या किंवा दीर्घकाळ ऑक्सिजन कमी मिळालेल्या काही मुलांना बोलणे, लक्ष टिकवणे, गणित, हस्ताक्षर यांत अडचण येते. आळशीपणा समजून मारण्यापेक्षा बालविकासतज्ज्ञांना दाखवले तर मदत मिळते.

हृदयात जन्मतः दोष नसलेल्या भावंडांचे काय?

शाळेच्या तपासणीत "हृदयात आवाज येतोय" असे सांगून पाठवलेल्या मुलांची संख्या मोठी असते. या आवाजाला मर्मर म्हणतात. निरोगी मुलांमध्येही तो वाढीच्या वयात कधी ना कधी सर्रास ऐकू येतो, तापात तर जास्तच. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. एकदा तज्ज्ञांना दाखवून खात्री करून घ्या आणि ते ठीक म्हणाले की विषय सोडून द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्या पथकाने दिलेली संदर्भ-चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाऊ देऊ नका. पुढच्या मोफत उपचाराची वाट तिथूनच सुरू होते.

रक्तदाब तीन वर्षांनंतर दरवर्षी एकदा मोजावा. हृदयदोष असलेल्यांचा त्याआधीही. पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा, मोठ्यांचा नको. पट्टा लहान असेल तर दाब खोटाच जास्त भरतो, मोठा असेल तर कमी. मोठ्यांचा १२०/८० हा आकडा मुलांना लावू नका. सहा वर्षांच्या मुलाचा दाब १२०/८० भरला तर तो वाढलेला आहे. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यानुसार तक्ते असतात, डॉक्टर त्यावरून ठरवतात. घरात कुणाला ऐन तारुण्यात हार्ट अटॅक आला असेल किंवा कोलेस्टेरॉल फार जास्त असेल तर मुलांचेही कोलेस्टेरॉल तपासावे.

पाच ते पंधरा या वयात संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक ताप, आजही आपल्याकडे होतो. घसा दुखून ताप येतो, बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा गुडघा, मग घोटा, मग मनगट असे सांधे फिरते सुजतात. सांध्यांचे दुखणे पूर्ण बरे होते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र मागे राहू शकते आणि प्रत्येक नव्या झटक्यासरशी वाढते. म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. ते दुखते, मुले रडतात आणि दोन वर्षांनी "आता काहीच होत नाही" म्हणून घरचेच बंद करतात. काही होत नाही ते इंजेक्शन चालू आहे म्हणूनच. ते किती वर्षे घ्यायचे हे झडपेच्या स्थितीवर ठरते. हृदयाला इजा झालेली नसली तरी निदान पाच वर्षे, आणि झडप बिघडलेली असेल तर वयाच्या चाळिशीपर्यंत किंवा त्याहून पुढेही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

वयात येताना

इतकी वर्षे डॉक्टरांशी आई बोलत आली. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की खुर्ची त्याला द्या. आजाराचे नाव, झालेले ऑपरेशन, चालू गोळ्या हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता यायला हवे. दोन-तीन वर्षांत ते शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाईल, हॉस्टेलवर राहील. रात्री त्रास झाला तर रूममेटला किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरला माहिती देणारे तेच असेल. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि जिममधल्या पावडरी यांविषयीही याच वयात, त्याच्याशी थेट बोलावे. कोआर्क्टेशन किंवा झडपेचा आजार असेल तर जड वजने उचलण्याआधी विचारायचे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती अवघड आहे. छातीवरचा व्रण स्थळे बघताना अडचण ठरेल म्हणून कित्येक घरांत ऑपरेशनची गोष्ट लपवली जाते. फाईल माहेरीच राहते, गोळ्या बंद होतात आणि आजार पुन्हा उघड होतो तो थेट गरोदरपणात. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते; निरोगी हृदयालाही ते काम असते. वेळेत बंद केलेले छिद्र असलेल्या मुली बहुतेक वेळा सुखरूप बाळंत होतात, हे सासरी ठामपणे सांगता येते आणि डॉक्टर तसे लिहूनही देतात. पण फुप्फुसातला दाब खूप वाढलेला असेल तर गरोदरपण आईच्या जिवावर बेतते. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्या आणि हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिलसारख्या गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात, त्या आधीच बदलाव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्याही सगळ्यांना चालत नाहीत. म्हणून लग्न ठरण्याच्या आधी एकदा मुलीने हृदयरोगतज्ज्ञांशी, हवे तर एकटीने, बोलून घ्यावे. लपवायचे की सांगायचे हा निर्णय कुटुंबाचा, पण माझे मत विचाराल तर सांगावे, आणि मुलीपासून तर काहीच लपवू नये. आई किंवा वडिलांना जन्मजात हृदयदोष असेल तर बाळालाही तो असण्याची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे गरोदरपणाच्या १८ ते २२ आठवड्यांत गर्भाचा इको करून घेतात.

अठरा वर्षांनंतर बालहृदयरोगतज्ज्ञ मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे सोपवतात. सगळ्यात जास्त मुले याच वळणावर सुटतात. जन्मजात दोष घेऊन मोठे झालेल्यांचे प्रश्न हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे "जन्मजात दोषांचे मोठे रुग्ण तुमच्याकडे बघतात का?" असे आधी विचारून घ्या.

फाईल, आणि ती हरवली असेल तर

डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. ऑपरेशनमध्ये नेमके काय केले हे सांगणारी ऑपरेशन नोट वेगळी मागून घ्या. डिव्हाइस, झडप किंवा पेसमेकरचे कार्ड जपून ठेवा. पुढे एमआरआय करताना ते दाखवावे लागते. जुने इको रिपोर्ट फेकू नका, कारण आजचा आकडा किती आहे यापेक्षा तो गेल्या वर्षीपेक्षा किती बदलला हे महत्त्वाचे असते. सगळ्या कागदांचे फोटो काढून आईच्या, वडिलांच्या आणि मोठे असेल तर मुलाच्याही फोनमध्ये ठेवा. जमल्यास दरवेळी इको एकाच केंद्रात करा. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले असेल तर नंतरच्या कोणत्या तपासण्या योजनेत बसतात हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तारखा चुकून पाच-सात वर्षे गेली असतील, तरी आता या. जुने कागद नसतील तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मुलाचे त्या वेळचे नाव आणि ऑपरेशनचे वर्ष सांगून सारांश मागता येतो. तोही मिळाला नाही तरी अडत नाही. छातीवर मधोमध व्रण आहे की डाव्या काखेखालून पाठीकडे गेलेला आहे, यावरूनही अंदाज येतो. बाकीचे ईसीजी आणि इको सांगतात. कागद सापडण्याची वाट बघत तपासणी लांबवू नका. मोठ्या मुलाला इकोसाठी उपाशी ठेवावे लागत नाही. लहान बाळाला झोपेचे औषध द्यावे लागणार असेल तर किती तास आधी दूध बंद करायचे ते केंद्रात फोन करून विचारा. आणि मुलाला पुढून उघडणारा शर्ट किंवा टॉप घालून आणा.